वॉरंटीचा नकार तोंडी ऐकून घेऊ नका

वॉरंटी नाकारली की माणूस वर्कशॉपच्या काउंटरवर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरशी भांडतो. त्या भांडणातून काही हाती लागत नाही. इंजिन उघडलं तेव्हा तिथं कोण उभं होतं, निघालेला पार्ट कोणाकडं राहिला आणि नकार कागदावर आला की नाही, यावरच पुढचं सगळं ठरतं. माझ्या गाडीचं काय झालं ते सविस्तर लिहितोय, कारण एरंडोल-जळगाव पट्ट्यात असाच अनुभव आलेली बरीच माणसं मला नंतर भेटली. पैसे भरून बसलेली, आणि हातात दाखवायला चिठोरंही नाही.

गाडी पेट्रोलची, चौथं वर्ष चालू. मूळ वॉरंटी तीन वर्षांची होती आणि पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी गाडी घेतानाच वेगळे पैसे भरून घेतली होती. "इंजिनचं काहीही निघालं तरी तुमच्या खिशातून रुपया जाणार नाही," हा शोरूमचा शब्द होता. सगळ्या सर्व्हिसिंग त्याच वर्कशॉपमध्ये, वेळेवर केलेल्या आणि बिलं फाइलला लावलेली.

मे महिन्यात आईला घेऊन धुळ्याला निघालो होतो. पारोळा मागं टाकलं आणि राष्ट्रीय महामार्ग ५३ वर टेंपरेचरचा लाल दिवा लागला. लगेच गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटमधून वाफ येत होती. खान्देशातला मे म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. आईला दुसऱ्या गाडीनं घरी पाठवलं आणि क्रेननं गाडी जळगावच्या वर्कशॉपला नेली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा) गेलाय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधलं सील) उडालंय, हेड बेंड झालंय, खर्च सव्वा लाखाच्या वर. वॉरंटी? "नाही बसत सर. तुम्ही गरम झालेली गाडी चालवत राहिलात. ओव्हरहीटिंग वॉरंटीत येत नाही." गाडी अजून पूर्ण उघडलीही नव्हती. त्याच फोनवर घाईही सुरू झाली: आजच्या आज जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या मंजुरीच्या कागदावर, सही करा, नाहीतर उद्यापासून पार्किंगचे रोजचे पाचशे लागतील. ते जॉब कार्ड 'कस्टमर पेड'चं होतं. त्यावर सही केली असती तर हे काम मी स्वखुशीनं माझ्या पैशानं करून घेतोय, असाच अर्थ निघाला असता. वॉरंटीचा विषय तिथंच मिटला असता.

मी सही केली नाही, याचं श्रेय आबांना. माझे काका, उभी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेले. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आधी कागद ले भो, मंग खोलू दे." दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याबरोबर जळगावला आले.

मग आम्ही वर्कशॉपच्या मॅनेजरला दोन ओळींचा अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. इंजिन माझ्यासमोर उघडावं, उघडण्याआधी गाडी स्कॅनरला लावून रिपोर्टची प्रिंट द्यावी, आणि क्लेम नाकारायचा असेल तर वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारला ते लेखी द्यावं. तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला ई-मेलनंही पाठवला. ई-मेल महत्त्वाचा, कारण त्यावर तारीख आणि वेळ आपोआप पडते.

स्कॅनचं थोडं समजून घ्या, इथंच बरेच जण नागवले जातात. बिघाड झाला की गाडीचा कंप्युटर त्याचा एक कोड नोंदवतो, आणि तो नोंदवताना त्या क्षणीचं कूलंटचं तापमान, इंजिनचे आरपीएम आणि गाडीचा वेग टिपून ठेवतो. चेक इंजिनचा दिवा लागल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली, हेही बऱ्याच गाड्यांत दिसतं. म्हणजे 'तुम्ही चालवत राहिलात' हा नुसता आरोप राहत नाही, तो तपासता येतो. मात्र कोड क्लिअर केला की ही नोंद जाते, आणि काम सुरू करताना कोड क्लिअर करणं ही वर्कशॉपची नेहमीची सवय आहे. म्हणून प्रिंट आधी. माझ्या प्रिंटमध्ये दिवा लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचं अंतर एक किलोमीटरही भरत नव्हतं.

पंप खाली काढला तेव्हा आबा शेजारी उभे होते. त्यांनी तो पुसू दिला नाही. हातात घेऊन उलटा केला आणि मला दाखवला. वॉटर पंपाच्या बॉडीला खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरू नये, ते बाहेर पडावं आणि गळती डोळ्याला दिसावी, यासाठीच ते ठेवलेलं असतं. आमच्या पंपाच्या त्या भोकापासून खाली गुलाबी-पांढऱ्या खपलीचा ओघळ होता, नखानं खरवडावा लागेल इतका वाळलेला. गाडीतलं कूलंट गुलाबी रंगाचं. एका दिवसाच्या गळतीनं अशी खपली धरत नाही. थेंब-थेंब गळायचं, गरम इंजिनवर वाळायचं, पुन्हा गळायचं, असं आठवडेच्या आठवडे चाललेलं होतं. आबा म्हणाले, "हाऊ पंप कालना मरेल नही." म्हणजे हा पंप काही काल मेलेला नाही. शाफ्ट हातानं हलवला तर बेअरिंग खडखडत होतं.

मी फाइल उघडली. महिना-दीड महिन्यापूर्वीच त्याच वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं. चेकलिस्टवर 'कूलंट लीकेज' या ओळीपुढं टिक होती: ओके. ज्यांनी तेव्हा खाली वाकून पाहिलं नाही, तेच आता मला निष्काळजी ठरवत होते. याचा मला आजही संताप येतो.

सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ घेतले. फ्रेममध्ये गाडीची नंबर प्लेट येईल असेही घेतले. पंप आणि गॅस्केट पिशवीत घालून, वर कागद गुंडाळून, त्यावर माझी आणि मॅनेजरची सही घेतली. पार्ट कंपनीला परत पाठवावा लागतो, असं तो सांगत होता. वॉरंटीत पार्ट बदलून दिला असता तर जुना पार्ट कंपनीचा, हे मान्य. पण क्लेम नाकारून नव्या पार्टचे पैसे माझ्याकडून घेणार असाल तर जुना पार्ट माझा. यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं.

लेखी नकार यायला बराच काळ गेला. मध्ये फोनवरून आर्जवं झाली, निम्मी मजुरी सोडतो म्हणाले. शेवटी पत्र आलं. कारण एकच: कूलंटची पातळी न तपासता वाहन चालवल्यानं ओव्हरहीटिंग झालं. वॉरंटीची अटी-शर्तींची पुस्तिका मी तोवर मागून घेतली होती. ज्यांच्याकडं ती नसेल त्यांनी आजच मागावी, शोरूममध्ये फक्त घडीचं रंगीत पत्रक देतात. पुस्तिकेत संरक्षण असलेल्या पार्टच्या यादीत वॉटर पंप स्पष्ट छापलेला आहे. म्हणजे त्यांनी हमी दिलेलाच पार्ट मेला, त्यामुळं गाडी तापली, आणि तापली म्हणून हमी नाही, असं हे सगळं.

मला गाडीवाचून चालण्यासारखं नव्हतं. खत-बियाण्याचं दुकान आहे आणि खरिपाचे दिवस तोंडावर होते. पैसे भरले, पण बिलावर आणि गेटपासवर 'हरकत नोंदवून, हक्क राखून रक्कम भरली' असं हातानं लिहून मगच सही केली. गाडी सोडताना पुढं करतात तो 'काम समाधानकारक झाले' हा छापील फॉर्म कोरा परत दिला. असा फॉर्म पुढं तुमच्याच विरोधात वापरला जातो.

नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी कंपनीकडं पाठपुरावा केला, उत्तर मात्र तेच आलं. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, ते काम जिल्हा ग्राहक आयोगाचं. कंपनीचं ऑफिस लांबच्या राज्यात आहे म्हणून लोक इथंच कच खातात. त्याचं कारण नाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात दाद मागता येते. मी एरंडोलचा, म्हणून जळगावचा आयोग. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. फी गाडीच्या किमतीप्रमाणं: पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००. मी २०० रुपये भरले. वकील लावलाच पाहिजे असं नाही, तक्रार ऑनलाइनही भरता येते. वर्कशॉप, गाडीची कंपनी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी ज्यांच्या नावावर निघाली आहे ते, असे तिघंही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते) करा. एकाला वगळलं की बाकीचे त्याच्याकडं बोट दाखवून मोकळे होतात.

सामनेवाल्यांना लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस असतात, फार तर १५ वाढवून मिळतात. आमच्या प्रकरणात म्हणणं आलं आणि मी थक्क झालो. कूलंटची पातळी गेली कुठल्या कुठं. आता म्हणतात, गाडीचं काम बाहेरच्या गॅरेजमध्ये केलं होतं, म्हणून वॉरंटीच रद्द. पुरावा कसलाच जोडलेला नाही. विम्याच्या प्रकरणांत सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की नकाराच्या पत्रात नसलेलं कारण नंतर मांडता येत नाही. तोच निकाल जोडून आणि त्यांचं स्वतःचं पत्र वर ठेवून मी प्रत्युत्तर दाखल केलंय. आयोगानं तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी म्हणून पंपही सही-शिक्क्यासह हजर करण्याचा अर्ज दिलाय. त्या अर्जावर पुढच्या तारखेला सुनावणी आहे.