रिटर्न पंप कोरडा पळू नये म्हणून: फ्लोट स्विच की डीसी पंप?

सोलापुरात माशांची टाकी संप लावून (म्हणजे खाली पाणी गाळायची दुसरी टाकी ठेवून) चालवणाऱ्यांना एप्रिल-मे कसा जातो ते सांगायला नको. पाणी सगळ्या टाकीतून उडतं, पण घट दिसते एकाच ठिकाणी, रिटर्न चेंबरमध्ये, म्हणजे संपाच्या ज्या कप्प्यातून रिटर्न पंप पाणी परत वर टाकीत नेतो तिथे. समजा चार फुटी टाकी आहे, १२० बाय ४५ सेंटीमीटरची. तिचं नुसतं अर्धा सेंटीमीटर पाणी उडालं तरी ते २.७ लिटर भरतं. चेंबर ३० बाय ३० चं असेल तर तिथली पातळी तेवढ्याने ३ सेंटीमीटर खाली. गारव्यासाठी पाण्यावर छोटा पंखा सोडला असेल तर आणखी. त्यात नळाला पाणी काही दिवसांआड. टॉप-अप उद्यावर टाकला की पंप हवा ओढायला लागलाच.

पंप वाचवायला ऑप्टिकल सेन्सरचं, म्हणजे प्रकाशाने पाण्याची पातळी ओळखणाऱ्या सेन्सरचं, नाव बरेच जण घेतात. बोअरच्या पाण्यात त्याच्या टोकावर क्षाराचा पांढरा थर बसतो, वर शेवाळ. मग त्याच्यावर माझा तरी भरवसा राहिला नाही. कूलरचा बॉल कॉक लावून वरच्या कॅनमधून आपोआप टॉप-अप करणं छान आहे, स्वस्तही आहे. पण कॅन रिकामा झाला की पंप पुन्हा उघड्यावर. (कॅन संपातल्या मोकळ्या जागेपेक्षा मोठा ठेवू नका. क्षाराने कॉक अडकला तर सगळं पाणी खाली येतं.) त्यामुळे निवड उरते दोघांत: साध्या एसी पंपाला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत पातळीप्रमाणे पंप चालू-बंद करणारा), नाहीतर ड्राय रन संरक्षण असलेला, म्हणजे कोरडा पडला की स्वतः थांबणारा डीसी पंप. मी दोन्ही वापरलेत.

फ्लोटच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पंपाच्या तोंडाच्या दोन बोटं वर बसवला की हवा आत जायच्या आधीच तो पंप बंद करतो. डीसी पंपाला हे जमत नाही. शिवाय फ्लोट स्वस्त, आणि बिघडला तर बदलायला सोपा. फक्त ते बारीक प्लास्टिकचे फ्लोट थेट २३० व्होल्टच्या पंपाला जोडायचे नसतात. आतला चुंबकाने चालणारा रीड स्विच नाजूक असतो, मोटरच्या झटक्याने त्याचे कॉन्टॅक्ट चिकटतात. मध्ये १२ व्होल्टचा रिले, म्हणजे फ्लोटच्या इशाऱ्यावर पंपाचा भार चालू-बंद करणारा स्विच, हवाच. गच्चीवरच्या टाकीचा वायरवाला मोठा फ्लोट हा भार झेलतो, पण त्याला वर-खाली व्हायला जेवढी जागा लागते तेवढी आपल्या चेंबरमध्ये नसते. आणि गोगलगायी असतील तर फ्लोटभोवती पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा, नाहीतर एखादी नेमकी दांडीवर जाऊन बसते.

हे सगळं मला चाललं असतं. चाललं नाही ते पुढचं. पाणी कमी झालं, फ्लोटने पंप बंद केला. पंप बंद होताच मुख्य टाकीतलं ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी खाली संपात सांडतं त्या कडेच्या) दातांवरचं पाणी आणि रिटर्न पाइपातलं पाणी खाली उतरतं. वरचं एक सेंटीमीटर पाणी जरी आलं तरी ते ५.४ लिटर, म्हणजे रिटर्न चेंबरमध्ये तब्बल ६ सेंटीमीटर. फ्लोटच्या चालू आणि बंदमध्ये अंतर असतं जेमतेम काही मिलिमीटरचं. मग फ्लोट उचलला जातो, पंप सुरू होतो, तेच पाणी वर नेतो, पातळी पडते, पंप बंद. पुन्हा खळखळ, पुन्हा टक्, पुन्हा सुरू. रात्रभर. हॉलमध्ये झोपणाऱ्या माणसाला तो रिलेचा आवाज ऐकत पडून राहावं लागतं, आणि प्रत्येक सुरुवातीचा धक्का पंपातला इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) खातो तो वेगळाच. चेक व्हॉल्वने (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या) पाइपातलं पाणी थांबतं, दातांवरचं थांबत नाही. आणि आपल्या पाण्यात त्या व्हॉल्वची झडप किती दिवस नीट मिटेल, सांगता येत नाही.

यावर तोड आहे. दोन फ्लोट आणि लॅचिंग रिले (एकदा चालू किंवा बंद झाला की तसाच राहणारा): खालचा बंद करतो, वरचा परत सुरू करतो, आणि वरचा त्या उतरलेल्या पाण्याच्याही वर बसवायचा. वायरिंगची हौस असेल तर हे उत्तमच. मला ती हौस नाही.

डीसी पंपाचा कंट्रोलर मोटर किती करंट ओढते यावर लक्ष ठेवतो. पाणी संपलं, करंट पडला, पंप थांबला. माझा पंप थांबला की थांबूनच राहतो. त्यामुळे ती रात्रीची टकटक संपली, आणि खरं सांगायचं तर माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. कमतरता आहेत. पंप पाण्याबरोबर अर्धवट हवा ओढत असतो तेव्हा करंट पुरेसा पडत नाही, टाकीत बारीक पांढरे बुडबुडे येत राहतात आणि कंट्रोलर गप्प. किंमत एसीच्या दुप्पट-तिप्पट जाऊ शकते. व्होल्टेज वर-खाली होतं त्या भागात अडॅप्टरची काळजी वेगळी.

तो थांबूनच राहतो म्हटल्यावर माशांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३२ अंशांना ७.३ च्या आसपास. म्हणून मुख्य टाकीत वेगळा एअर पंप इन्व्हर्टरवर ठेवा. तो तर फ्लोट असला तरी लागणारच.

घरात चांगला एसी पंप आधीच असेल तर तो काढून टाका असं मी म्हणणार नाही, दोन फ्लोट लावून घ्या. नव्याने घेणार असाल तर मात्र माझा कल डीसीकडे. सगळ्यांचे कंट्रोलर सारखे नसतात, काही थोड्या वेळाने स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात, म्हणून घेण्याआधी पंप बादलीत लावून पाणी उपसू द्या. किती सेकंदांत थांबतो, पाणी ओतल्यावर बटण दाबावं लागतं का, प्लग काढून लावला की जुन्याच स्पीडवर येतो का, एवढं बघा. दुकानदार बादली द्यायला कां-कूं करत असेल तर दुसरं दुकान गाठा.