कॅरेक्टरला विश्वास आणि ध्येय कसं द्यायचं: डी अँड डी, बर्निंग व्हील, फेट की पेंड्रॅगन?

टेबलाभोवती बसून फासे टाकत खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये प्रत्येक जण एक पात्र, म्हणजे कॅरेक्टर, होऊन गोष्ट खेळतो. नवीन कॅरेक्टर बनवताना आकडे पटापट भरून होतात, गाडी अडते ती "हा माणूस हे सगळं करतोय कशासाठी" इथे. हे चारही गेम खेळून झालेत, म्हणून ज्यांचं कुठलं घ्यावं ते ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात सोपं अर्थातच डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. 2014 च्या पाचव्या एडिशनमध्ये बॅकग्राउंड (कॅरेक्टरची पार्श्वभूमी) निवडलं की दोन स्वभावविशेष, एक आयडियल (तत्त्व), एक बाँड (नातं किंवा बांधिलकी), एक फ्लॉ (दोष), आणि काही सुचत नसेल तर फासा टाकून तक्त्यातून उचलायचं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला हे फार बरं पडतं. पण एकदा कॅरेक्टरच्या शीटवर लिहिलं की नंतर तिकडे कोणी फिरकत नाही, कारण त्याचं बक्षीस म्हणजे इन्स्पिरेशन (फासा टाकताना कामी येणारी सवलत), ते डीएमला (डंजन मास्टर, गेम चालवणारा) द्यायचं आठवलं तर मिळणार, आणि मिळालं तरी एका वेळी एकच जवळ ठेवता येतं.

बर्निंग व्हील याच्या बरोबर उलट. तिथे तीन बिलीफ (कॅरेक्टर काय मानतो आणि त्यासाठी काय करणार) आणि तीन इन्स्टिंक्ट (न सांगता पाळली जाणारी सवय) असतात आणि अख्खा गेम त्यांच्यावरच चालतो. माझा एक पहारेकरी होता, त्याचा पहिला बिलीफ मी लिहिला "माझी राणीवर निष्ठा आहे". तीन सेशन त्यातून काहीच निघालं नाही, मग जीएमने (गेम मास्टर, डीएमसारखाच गेम चालवणारा) सरळ विचारलं, बरं, निष्ठा आहे, मग तू करणार काय? तेव्हा बदलून लिहिलं, "सेनापती राणीला फसवतोय, त्याचं मोहोरबंद पत्र मी मिळवणारच". दुसरा बिलीफ आधीपासून होता, धाकट्या भावाला या भानगडीत येऊ देणार नाही. पुढच्याच सेशनला ते पत्र निघालं भावाच्या झोळीत, सेनापतीचा निरोप्या तोच होता! दोन बिलीफ समोरासमोर आले आणि मी कितीतरी वेळ काही बोलूच शकलो नाही. असा झगडा नीट खेळून दाखवला की पर्सोना पॉइंट (पुढे फासे टाकताना वापरायचं बक्षीस) मिळतो, म्हणजे पेचात सापडणं फायद्याचंच ठरतं. इन्स्टिंक्टही कामाचे, "झोपण्याआधी दाराला कडी लावतोच" असं लिहिलं असेल तर रात्री कडी लावलेलीच धरायची, जीएमला "तू सांगितलं नव्हतंस" म्हणता येत नाही. फक्त बाकीचे नियम जड आहेत, आणि दर सेशनला बिलीफ तपासायची, बदलायची तयारी सगळ्या टेबलची हवी, एकट्याने करून उपयोग नाही.

फेट कोअर मधल्या वाटेचं. हाय कॉन्सेप्ट (कॅरेक्टर कोण आहे), ट्रबल (त्याला अडचणीत आणणारी गोष्ट) आणि आणखी तीन अ‍ॅस्पेक्ट (कॅरेक्टरबद्दलची ठळक गोष्ट), सगळे साध्या वाक्यात. "शब्द दिला की मागे हटत नाही" हा ट्रबल धरा, जीएम त्यावर कंपेल करतो, म्हणजे त्यातूनच अडचण उभी करतो, ती मान्य केली तर फेट पॉइंट (पुढे खर्चायचा टोकन) मिळतो, नाकारायची असेल तर खिशातला एक द्यावा लागतो. शिकायला सोपं आहे, पण अ‍ॅस्पेक्ट नुसतं वर्णन होऊन बसला की कंपेल सुचतच नाही.

पेंड्रॅगन 1985 चा, आर्थरच्या सरदारांचा. दयाळू आणि क्रूर अशा 13 जोड्या, प्रत्येक जोडीची बेरीज 20, आणि आकडा 16 किंवा जास्त झाला की कधीकधी फासाच ठरवतो तुमचा सरदार कसा वागणार. ज्यांना आपल्या कॅरेक्टरवर पूर्ण ताबा हवा त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, मला स्वतःला मात्र ते आवडतं, माणूस स्वतःच्या स्वभावापुढे हरतो ते तिथे खरं वाटतं.

तर नवीन ग्रुप असेल, दोनचार सेशनच खेळायची असतील तर डी अँड डी किंवा फेट, आणि तेच चारपाच जण वर्षभर जमणार असतील तर डोळे झाकून बर्निंग व्हील. डी अँड डी सोडायचंच नसेल तर बाँडच्या जागी नात्याचं वर्णन लिहू नका, पुढच्या सेशनला कॅरेक्टर काय करणार ते लिहा, आणि खेळ सुरू व्हायच्या आधी डीएमला मोठ्याने वाचून दाखवा.