क्रिमिनल जस्टिसला ॲडमिशन घेताय? आधी कॉलेजचं ॲक्रेडिटेशन (मान्यता) बघा

शिकागोच्या आसपासच्या मराठी पालकांनी हे जरूर वाचा, आमच्या भाचीचं जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या पोराचं होऊ नये.

तिला प्रोबेशन ऑफिसर (कोर्टाने तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणारा अधिकारी) व्हायचंय, तेही कमी वयात केसमध्ये अडकलेल्या मुलांसाठी. घरात सगळे आयटीवाले, ताई-भावोजींना या लाइनची काहीच माहिती नाही. त्यात एका खासगी करिअर कॉलेजचा फोन आला, मग रोजच यायला लागला, ॲडमिशनवाली इतकी गोड बोलायची की ताईला ती घरचीच वाटायला लागली. म्हणे आमचा क्रिमिनल जस्टिस अँड करेक्शन्सचा कोर्स अगदी कम्युनिटी कॉलेजसारखाच (म्हणजे सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजसारखा), फक्त तिकडे सीटसाठी थांबावं लागतं आणि आमच्याकडे सोमवारपासून क्लास, दोन वर्षांत असोसिएट डिग्री की थेट प्रोबेशन ऑफिसर, आणि पुढे शिकायचं असेल तर क्रेडिट्स (पास केलेल्या विषयांची नोंद) कुठेही ट्रान्सफर होतात. भाचीने तिथेच ॲडमिशन घेतलं.

सगळं खोटं!! कम्युनिटी कॉलेजात हायस्कूल झालेल्या कुणालाही प्रवेश मिळतो. इलिनॉयमध्ये प्रोबेशन ऑफिसरला बॅचलर्स डिग्रीच लागते. उलट स्टेटच्या तुरुंगात करेक्शनल ऑफिसर व्हायला हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी (त्याच्या बरोबरीची परीक्षा) पुरतो, आणि फेडरल तुरुंगात बॅचलर्स नाहीतर 3 वर्षांचा कामाचा अनुभव मागतात. दोन वर्षांची डिग्री वाया जाते असं नाही हां, तिचा खरा फायदा म्हणजे पुढे युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि नेमका तिथेच यांनी केसाने गळा कापला.

भाची ट्रान्सक्रिप्ट घेऊन कम्युनिटी कॉलेजच्या काउन्सेलरकडे गेली तर त्या बाईंनी विषय, ग्रेड काही बघितलंच नाही, आधी कॉलेजचं ॲक्रेडिटेशन तपासलं आणि म्हणाल्या यातलं एकही क्रेडिट आम्हाला घेता येणार नाही. पोरीला ए ग्रेड होते हो! घरी येऊन ॲग्रीमेंट काढलं तर शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं, क्रेडिट घ्यायचे की नाही ते समोरचं कॉलेज ठरवेल. फोनवर हे एकदाही सांगितलं नाही.

आणि हे काही नवीन नाही. वेस्टवुड या खासगी कॉलेजवर इलिनॉयच्या तेव्हाच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी 2012 मध्ये केस केली ती क्रिमिनल जस्टिसच्याच कोर्सवरून, पोलिसातल्या नोकऱ्यांची स्वप्नं दाखवली पण रीजनल ॲक्रेडिटेशन (त्या भागातल्या संस्थेची मान्यता) नसल्यामुळे ती डिग्री तिथे धरतच नव्हते. ते कॉलेज 2016 मध्ये बंद पडलं, आणि 2022 मध्ये सरकारने 79,000 जणांचं मिळून 1.5 अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. मधली इतकी वर्षं त्या पोरांनी कशी काढली असतील.

तेव्हा फॉर्म भरायच्या आधी एज्युकेशन डिपार्टमेंटच्या डॅपिप (DAPIP, मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी) साइटवर कॉलेजचं नाव टाका, इकडच्या भागात हायर लर्निंग कमिशनचं ॲक्रेडिटेशन आहे का बघा, आणि पुढे जिथे जायचंय त्या युनिव्हर्सिटीला स्वतः ईमेल करून क्रेडिट्सबद्दल लेखी उत्तर घ्या. ॲडमिशनवाल्यांच्या तोंडी शब्दावर अजिबात जाऊ नका.

ज्यांचं ऑलरेडी असं झालंय त्यांनी मेसेज, ईमेल काहीही डिलीट करू नका, बॉरोअर डिफेन्सच्या (कॉलेजने फसवलं म्हणून कर्ज माफ करून मागायच्या) अर्जाला जोडता येतं. आम्ही अर्ज केलाय, उत्तर यायचंय. पण तो फक्त फेडरल लोनला चालतो, प्रायव्हेट लोनला नाही, आणि भाचीचं थोडं प्रायव्हेटपण आहे, त्याचा हप्ता ताई-भावोजी दर महिन्याला भरतायत.