जंबेरी, रंगपूर की त्रिपर्णीचा संकर? डिंक्या डोळ्यासमोर ठेवून खुंटाची निवड

वरुड, मोर्शी, काटोल भागात संत्र्याची कलमं घेताना डोळा (वरच्या जातीची कळी) कोणत्या झाडाचा, याची चौकशी होते. खुंटाचीही (ज्या रोपावर डोळा भरतात, त्याची) तितकीच करा, कारण मूळकूज आणि खोडातून डिंक गळणारा डिंक्या अडवायचा तो खुंटानेच.

जंबेरी या लिंबाच्या खुंटावर झाड जोमात वाढतं, फळ लवकर धरतं. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत ती चालते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की फायटोफ्थोरा, म्हणजे डिंक्या आणि मूळकूज करणारा जमिनीतला सूक्ष्मजीव, तिची बारीक मुळं कुजवतो. रंगपूर लिंबूही पूर्ण रोधक नाही, पण चुनखडी, क्षार आणि पाण्याचा ताण तो बऱ्यापैकी सोसतो.

खरी रोधकता आहे त्रिपर्णी संत्र्यात. मोसंबी वर्गाशी त्याचा संकर म्हणजे ट्रॉयर, कॅरिझो. ग्रेपफ्रूटशी केलेला स्विंगल. मग हेच का लावू नयेत? जास्त चुनखडीत त्यांना लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून मधलं पान पिवळं पडतं.

रोधकता आणि चुन्याची सहनशीलता एकाच रोपात आणायची, तर जनुकीय नकाशा, म्हणजे कोणता गुण गुणसूत्रावर कुठे आहे याची नोंद, लागतो. संकराच्या शेकडो रोपांचे डीएनए मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) तपासायचे, त्याच रोपांना रोगाची लागण करायची आणि कोणता मार्कर रोधक रोपांत वारंवार येतो ते पाहायचं. पानांवरच्या अल्टरनेरिया तपकिरी ठिपक्याचं कोडं असंच सुटलं: तिसऱ्या गुणसूत्रावरची एकच जागा निर्णायक, रोगाला बळी पडणं प्रभावी (एका पालकाकडून आलं तरी दिसणारं), म्हणून मार्करने रोप लहानपणीच निवडता येतं. डिंक्याची रोधकता मात्र अनेक जागांवर विखुरलेली आहे. तिथे फक्त मार्करवर विसंबणं घाईचं ठरेल; लागण करून पाहावंच लागतं.

एक फसगत टाळा. त्रिपर्णीच्या संकराला तीन पानांची पाती येते, कारण तो गुण प्रभावी आहे. कलमाच्या जोडाखालून फुटलेल्या पाणसोटाला तीन पानं दिसली, तर खुंटात त्रिपर्णीचा अंश आहे एवढंच कळतं. रोधकतेचे जनुक वेगळे, ते त्या पानासोबत येतीलच असं नाही.

निवड कशी करावी? माती तपासून घ्या. मुक्त चुनखडी 10 टक्क्यांच्या वर असेल तर त्या जागी संत्राच लावू नये. त्याखाली पण चुनखडीयुक्त भारी जमीन असेल तर रंगपूर घ्या. त्रिपर्णीचा संकर घ्यायचाच, तर चुनखडी नगण्य असलेल्या जमिनीत, आणि तोही आधी मोजक्या झाडांवर.

खुंट कोणताही असो, डोळा जमिनीपासून 9 इंच वर भरलेला हवा. खाली असेल तर पावसाचे शिंतोडे बुंध्याला रोग देतात. पाणी दुहेरी आळ्याने (बुंध्याजवळ कोरडं आतलं आळं, पाणी बाहेरच्या आळ्यात) द्या, म्हणजे ते बुंध्याला टेकत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला 3 फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा: मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर. मिश्रणात लोखंडी विळा बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घाला. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक इथे वाया जातं, कारण फायटोफ्थोरा खऱ्या बुरशीच्या गटातला नाही. मेटालॅक्झिल किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम वापरा.