चोपन्न पत्ते, अठ्ठेचाळीस मढी

ठाण्यात राम मारुती रोडच्या एका आतल्या गल्लीत खेळांचं दुकान आहे, तिथे हा मराठी पत्त्यांचा संच ७५० रुपयांना मिळतो. फँटसी कथांमधली आणि टेबलावरच्या खेळांमधली मेलेली तरी फिरणारी मंडळी यात आहेत: ४८ पत्ते त्यांचे, ६ नियमांचे. ५४ हा आकडा छापखान्याच्या सोयीचा. ६३ × ८८ मिमीचे नऊ पत्ते एका ए-४ कागदावर बसतात, सहा कागदांत काम उरकतं.

संचातली सगळ्यात हुशारीची गोष्ट म्हणजे प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यातल्या तीन चौकटी: देह, जीव, मर्जी. भरलेली म्हणजे आहे, पोकळ म्हणजे नाही. झोंबीला नुसता देह. रेथला देह सोडून बाकी दोन्ही. रेव्हनंटला तिन्ही, कारण तो सूड घ्यायला स्वतःहून परत आलेला असतो. त्याचं नावच फ्रेंचमधल्या 'परत येणे' या क्रियापदातून आलंय. एवढं पाहिलं की काय करायचं ते कळतं. देह असेल तर तोडा, जाळा. नसेल तर साध्या तलवारीवर फार भिस्त ठेवू नका. मर्जी पोकळ असेल तर मढ्याशी झुंजत बसण्यापेक्षा त्याला उठवणारा शोधा.

गाडं अडतं ते नावांपाशी. रेथ म्हणजे 'पिशाच्च', स्पेक्टर म्हणजे 'पिशाच', घोस्ट म्हणजे 'भूत', लिच म्हणजे 'महापिशाच्च'. एका च्चनं काय फरक पडतो? टेबलावर कोणी "पिशाच्च आलं" म्हटलं की तीन जण तीन वेगळे पत्ते उचलतात. लिच आहे तसाच ठेवला असता तर बिघडत नव्हतं. जुन्या इंग्रजीत तो शब्द फक्त 'प्रेत' या अर्थाचा होता, आणि मेलेला जादूगार म्हणून तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं होऊन खेळायच्या खेळाच्या १९७५ च्या पुरवणीतून रुळला; जीव लपवून ठेवणं नंतर जोडलं गेलं. 'वाइट' या दुसऱ्या पत्त्याच्या नावाचंही तसंच, मूळ अर्थ नुसता 'जीव, प्राणी', थडग्यातली दहशत नंतर चिकटली.

लिचच्या फिलॅक्टरीला, म्हणजे तो जीव लपवतो त्या वस्तूला, 'ताईत' म्हटलंय. शब्दकोशात बघाल तर अगदी बरोबर, मूळ ग्रीक शब्द रक्षणाच्या ताइताचाच. पण ताईत म्हटल्यावर खेळणारे आधी लिचचा गळा चाचपतात, आणि त्याचा जीव तर भलतीकडे पुरलेला असतो. जिथे पुरलाय त्याच्या पाच फुटांत तो एक ते दहा दिवसांनी पुन्हा उभा राहतो, म्हणजे सगळी मोहीम पाण्यात. सात समुद्रांपलीकडच्या पोपटात राक्षसाचा जीव ही गोष्ट ऐकून वाढलेल्यांना 'जीवपेटी' म्हटलं तरी पुरे. खेळाच्या नव्या आवृत्तीनेही फिलॅक्टरी सोडून 'आत्म्याची बरणी' अशा अर्थाचा शब्द घेतलाय.

घूलचा पत्ता चांगला जमलाय. अरबी लोककथांमधला घूल मेलेला नसून वाळवंटातला रूप पालटणारा राक्षस होता, हे मागच्या बाजूला दोन ओळींत दिलंय. बॅन्शीबद्दलही तसंच: आयर्लंडमध्ये ती टेकडीतली परी, घराण्यात कोणी जाणार असेल तर आधी रडणारी, तिचं भूत खेळवाल्यांनी केलं. म्हणजे अठ्ठेचाळीसमधली काही मढी मुळात मढीच नव्हेत.

पत्त्यांवरचे आकडे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, २०१४ च्या नियमांप्रमाणे. दोन चुका खेळ बिघडवतात. झोंबीचे जीवाचे गुण शून्यावर आले की तो वीस बाजूंचा फासा टाकतो, आणि ५ अधिक झालेली इजा एवढा आकडा गाठला की एका गुणावर तगतो. ९ ची इजा झाली तर १४ लागतात. त्याला +३ मिळतात, म्हणजे फाशावर ११ किंवा वर. निम्म्या वेळा तो पडतच नाही. तेजाची (दैवी प्रकाशाची) इजा किंवा क्रिटिकल, म्हणजे फाशावर थेट २० पडून बसलेला, घाव असेल तर हा फासाच नाही, ही अट पत्त्यावर छापायची राहून गेलीय. मग पाळकाचा, म्हणजे दैवी मंत्र टाकणाऱ्या पात्राचा, मंत्र वाया जातो आणि चार झोंबींची लढाई तासभर रेंगाळते. घूलच्या नखांनी एल्फ जातीच्या पात्राला लकवा येत नाही, तेही गाळलंय. दोन्ही पत्त्यांवर पेनाने लिहून टाका. सांगाड्याला सोट्याचा मार दुप्पट लागतो, ते मात्र ठळक दिलंय.

कोकणातले बारा पत्ते ही या संचाची जान. मुंज झालेला पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुंजा पिंपळावर, बुडून मेलेला गिऱ्हा पाण्यात, आणि पुरलेल्या धनावर बसलेला समंध. नियमांच्या पत्त्यावर समंधाशेजारी नॉर्स (जुन्या उत्तर युरोपातल्या) कथांमधला ड्रॉगर ठेवलाय, तोही थडग्यातलं धन राखणारा. ड्रॉगर मात्र जड, फुगलेल्या देहाने अंगावर येतो, समंधाला देहाची चौकट पोकळ. दोन्ही पत्ते शेजारी धरले की चौकटींचा उपयोग लख्ख दिसतो.

वेताळाच्या देहाच्या चौकटीत 'उसना' लिहिलंय, वा! आणि खाली उपशीर्षक काय, तर 'भारतीय व्हँपायर'. १८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रज लेखकाने वेताळकथांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावात व्हँपायर घातला, तो अजून निघत नाही. १७२५ आणि १७३२ च्या ऑस्ट्रियन अहवालांमधला सर्बियातला व्हँपायर स्वतःच्याच देहात उठतो. अकराव्या शतकातल्या 'कथासरित्सागरा'तला वेताळ झाडाला लटकलेल्या परक्या प्रेतात शिरून बसतो. प्रेत जाळलं तर व्हँपायर संपतो. वेताळ दुसरं बघतो.

चकव्याला हल्ला ४ दिलाय, हे काही पटत नाही. चकवा मारत नाही, वाट चुकवतो. त्याचा पत्ता निघाला की नकाशा पालथा घालून पुढची दिशा फाशावर ठरवा.

छपाई ३०० जीएसएमच्या जाड कागदावर, मॅट लॅमिनेशन फक्त चित्राच्या बाजूला. ठाण्याच्या जुलैत उघडी बाजू दमट हवा शोषून फुगते आणि पत्ता चित्राकडे वळतो. ६६ × ९१ मिमीची पाकिटं घ्या, वर जाड पुस्तक ठेवा. काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं आहेत, त्यात जोडाक्षरं बुजतात. गिऱ्ह्याचा अर्धा र तर फाँटने रफार करून डोक्यावर चढवलाय.

पेटीच्या तळाशी '२' छापलेलं असेल ती दुसरी छपाई, तीच मागा. तिच्यात गिऱ्हा सुधारलाय, झोंबीची अटही आलीय. चकव्याचा हल्ला मात्र अजून ४ च आहे.