रविवारची लिनोकट कार्यशाळा: जा, पण कटर घरचा न्या

लिनोकट म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. कोथरूडमध्ये एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ही कार्यशाळा असते. नाव देत नाही, कारण कुरकुर आहे आणि शिकवणाऱ्या ताई फार भल्या आहेत. अकरा ते चार, फी १८०० रुपये, आम्ही आठ जण.

कुरकुर आधी उरकते. आठ जणांत रोलर दोनच, म्हणजे शाई लावायला रांग. निम्मे कटर बोथट. बोथट कटर लिनोवरून घसरतो आणि सरळ बोटात शिरतो. माझ्या डाव्या अंगठ्याला अजून पट्टी आहे. शाई पाण्याची, ती पंख्याखाली पसरायच्या काचेवरच वाळते, आणि मे महिन्यात पंखा बंद करा म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

शिकवणं मात्र फर्स्ट क्लास. लिनोचे तुकडे ताईंनी आधी उन्हात ठेवले. लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाची भुकटी, मागे तागाचं कापड. गार असताना खारीक, तापला की खजूर. मग नंदलाल बोसांचं १९३० चं दांडीयात्रेचं लिनोकट दाखवलं. काळ्यावर पांढऱ्या रेघांतले, काठी घेऊन निघालेले गांधीजी. "कोरलं ते पांढरं, ठेवलं ते काळं," एवढंच सांगून विषय दिला: लहानपणी जिथे परकं वाटलं ती जागा.

म्हटलं, झालं, आता रडारड. पण मला विचार करावाच लागला नाही. बाबांची बदली झाली आणि अचलपूरहून पाचवीत पुण्यात आले. पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बाई, हे काहून लिहायचं?" वर्ग हसला, बाईही हसल्या. पुढे वर्षभर माझं नाव 'काहून'. घरी आरशासमोर उभी राहून 'का' म्हणायची सवय केली आणि वर्गात बोलणंच सोडलं. वह्यांची मागची पानं तेवढी चित्रांनी भरली.

तर शेवटचा बाक, पाठमोरी मुलगी, दोन वेण्या आणि समोर फळाभर 'काहून'. दीड तास कोरलं. चमच्याच्या पाठीने घासून कागद उचलला तर शब्द उलटा! अक्षरं आरशातली कोरायची, हे ताईंनी दोनदा सांगितलं होतं. माझं लक्ष वेण्यांत. दुसऱ्या तुकड्याचे १२० रुपये वेगळे द्यावे लागले (हे फीमध्येच धरायला हवं). या वेळी ट्रेसिंग पेपर पालथा घालून अक्षरं उतरवली. ह-चा ऊकार सगळ्यात चिवट निघाला. चार प्रती काढल्या, तिसरी काळीभोर आली.

जेवण मिळत नाही, डबा न्या. चहा आल्याचा, दोनदा.

तिसरी प्रत आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. तीस वर्षं पुण्यात राहून तिची भाषा तसूभर हललेली नाही. दोन मिनिटांत उत्तर आलं: "काहून काढलं वं हे?"