पाहुण्यांच्या जेवणासाठी एनॅमलचं बिडाचं भांडं: काही महिन्यांच्या वापरानंतर

हे भांडं रोजच्या घाईच्या स्वयंपाकासाठी घ्या, असं मी कुणालाही सांगणार नाही. पण चार-सहा माणसं जेवायला बोलवायची, त्यांच्यासमोर काहीतरी थाटाचं ठेवायचं आणि तरीही ती आल्यावर आपण त्यांच्यात बसलेलं असायचं, अशी इच्छा असेल तर स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूची मला इतकी मदत झालेली नाही.

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, आतून-बाहेरून एनॅमलचा काचेसारखा लेप चढवलेलं, जड झाकणाचं, दोन कान असलेलं गोल भांडं. व्यास २६ सेंटिमीटर, मावतं पाच लिटरच्या थोडं वर. आतला रंग फिकट आहे आणि घेताना मी तो मुद्दाम तसा निवडला. तळाला काय चाललंय, कांदा गुलाबी झालाय की करपायला लागलाय, हे फिकट रंगावर लगेच दिसतं. काळ्या आतल्या भागात ते वासावरून ओळखावं लागतं, आणि वास येईपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

बीड उष्णता पोचवण्यात मंद. ॲल्युमिनियम त्याच्या तीन-चार पट वेगाने उष्णता वाहून नेतं, तांबं त्याहूनही पुष्कळ जास्त. म्हणजे गॅसवर ठेवल्या ठेवल्या हे भांडं तापत नाही, आणि मोठी आच लावली तर मधोमध तापून कडा गार राहतात. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं थोड्या तेलासकट ठेवावं लागतं. पण एवढं जाड बीड एकदा तापलं की उष्णतेचा साठा मोठा असतो. पातळ पातेल्यात थंड मांसाचे तुकडे किंवा भाजीच्या फोडी टाकल्या की तळ गार होतो, पाणी सुटतं आणि सगळं उकडायला लागतं. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि ज्या खरपूस रंगाने नि वासाने पाहुणे दारातच विचारतात ‘काय केलंय?’, तो रंग साधारण १४० अंशांच्या पुढे धरायला लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेबद्दल लिहिलं, म्हणून तिला आजही त्यांचंच नाव आहे. बिडाच्या तळावर हा रंग धरणं सोपं जातं. तुकडे कोरडे पुसून, गर्दी न करता, दोन-तीन वेळा मिळून भाजायचे, एवढं पथ्य पाळलं की झालं.

आणि मग ती खरवड. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर मी कधीही खरवडून टाकत नाही. त्यावर अर्धी वाटी पाणी, फळाचा रस किंवा टोमॅटोचा रस घालून लाकडी उलथन्याने सोडवला की रश्श्याची निम्मी चव तिथेच तयार होते. इथे एनॅमल कामाला येतं. साध्या बिडात आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवला तर लोखंडाची चव उतरते आणि रंगही काळवंडतो. एनॅमल म्हणजे मुळात धातूवर भट्टीत वितळवून बसवलेली काच, तिला टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांचं काही वाटत नाही. ओतीव बीड आणि एनॅमल या दोन कसबांचा मेळ घालूनच १९२५ मध्ये उत्तर फ्रान्समधल्या फ्रेनुआ-ल-ग्राँ या गावी ल क्रूझे ही भांड्यांची कंपनी सुरू झाली. तिच्या दोन बेल्जियन संस्थापकांपैकी एक ओतकामातला होता, दुसरा एनॅमलमधला. आज अनेक कंपन्या अशी भांडी करतात आणि मूळ रचना सगळ्यांची जवळपास सारखीच आहे.

पाहुण्यांसाठी मी सर्वांत जास्त वेळा केलेला पदार्थ म्हणजे मंद आचेवर मुरवलेलं मांस. खांद्याचं किंवा पायाचं, पडदे आणि चिवट धागे असलेलं घ्यायचं. लोक पाहुण्यांसाठी मऊ, बिनचरबीचे तुकडे आणतात आणि ते तीन तास शिजवून भुशासारखे कोरडे करतात. चिवट मांसातलं कोलॅजन, म्हणजे त्या धाग्यांमधलं प्रथिन, लांब वेळात विरघळून जिलेटिन होतं, त्यानेच मांस चमच्याने सुटतं आणि रस्सा पीठ न लावता दाट, चकचकीत होतो. तुकडे भाजून बाजूला काढायचे, त्याच तेलात भरपूर कांदा आणि लसूण परतायचा, खरवड सोडवायची, तुकडे परत घालून ते अर्धेच बुडतील इतकं पाणी किंवा टोमॅटोचा रस घालायचा, झाकण लावायचं आणि ओव्हनमध्ये १५० अंशांवर अडीच-तीन तास सोडून द्यायचं. या तीन तासांत ढवळायचं नाही, बघायचं नाही. जड झाकणामुळे वाफ बाहेर पडण्याऐवजी झाकणाला लागून पुन्हा पदार्थावर पडते, म्हणून रस्सा फारसा आटत नाही. गॅसवर ठेवण्यापेक्षा ओव्हन मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण उष्णता चारी बाजूंनी येते आणि तळाला लागण्याची भीती राहत नाही.

हा पदार्थ आदल्या दिवशी केला तर आणखी चांगला. रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की वर गोठलेली चरबी चमच्याने सहज काढता येते, आणि मीठ-मसाला आतपर्यंत पोचतो. पाहुण्यांच्या दिवशी फक्त गरम करायचा आणि वाढताना वर लिंबाची किसलेली साल, बारीक चिरलेली कोथिंबीर किंवा पार्सली आणि कच्चा लसूण थोडासा. हे शेवटचं अजिबात सोडू नका. लांब शिजलेल्या पदार्थाला ताज्या, कच्च्या वासाची गरज असते.

शाकाहारी पाहुणे असतील तर तेवढ्याच दिमाखाचा पदार्थ पांढऱ्या राजम्याचा होतो. अर्धा किलो दाणे रात्रभर भिजवायचे, पाणी बदलून गॅसवर दहा मिनिटं खळखळा उकळायचे, मग परतलेला कांदा, लसूण, टोमॅटो, तेजपत्ता आणि बऱ्यापैकी तेल घालून ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत, साधारण दीड ते दोन तास. शेवटी झाकण काढून वर तेलात चोळलेला पावाचा चुरा पसरायचा आणि २२० अंशांवर वीस मिनिटं सोनेरी होऊ द्यायचा. टेबलावर चमच्याने तो कुरकुरीत थर फोडला की आतून दाट, वाफाळता राजमा दिसतो. उकळण्याची पायरी मात्र गाळू नये, विशेषतः लाल राजमा असेल तर. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा घटक असतो, कच्चा राहिला तर उलट्या-पोटदुखी होते, आणि नुसत्या मंद आचेने तो नष्ट होतोच असं नाही. जोराची उकळी लागतेच.

अख्खी कोंबडीही यात सुरेख होते: आदल्या रात्री मीठ चोळून उघडी फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी खाली कांदे-गाजराच्या फोडी, १८० अंशांवर झाकून पाऊण तास ते तास, मग झाकण काढून २२० अंशांवर साल कुरकुरीत होईपर्यंत. मांडीच्या जाड भागात तापमापक ७४ अंश दाखवायला हवा. कापण्याआधी पंधरा मिनिटं तशीच ठेवायची. अख्खा फ्लॉवरही असाच होतो, थोडं पाणी घालून आधी झाकून वाफवायचा, मग उघडा भाजायचा.

पण या भांड्यातून निघालेल्या ज्या गोष्टीने पाहुणे सर्वांत जास्त थक्क होतात ती म्हणजे पाव. न मळता केलेला. २००६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये खाद्यलेखक मार्क बिटमन यांनी बेकर जिम लाही यांची ही पद्धत छापली आणि घरात पाव भाजणाऱ्यांची सवयच बदलली. मी घेतो ते प्रमाण: ४०० ग्रॅम मैदा किंवा पावाचं पीठ, ३०० ग्रॅम पाणी, सव्वा छोटा चमचा मीठ आणि पाव छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट. चमच्याने एकत्र करायचं, झाकून बारा ते अठरा तास विसरायचं. मळण्याचं काम वेळच करतो. एवढं ओलसर पीठ नुसतं पडून राहिलं तरी ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, धागे आपोआप जुळतात. मग पीठ लावलेल्या हाताने घड्या घालून गोळा करायचा, आणखी तास-दोन तास फुगू द्यायचा. भांडं ओव्हनमध्ये २३० अंशांवर अर्धा तास तापवायचं, गोळा आत टाकायचा, अर्धा तास झाकून आणि पंधरा-वीस मिनिटं उघडा भाजायचा.

झाकलेल्या अर्ध्या तासात पिठातलीच वाफ आत कोंडून राहते. त्यामुळे वरची साल लगेच सुकत नाही, पाव मोकळेपणी फुगतो आणि पृष्ठभागावरचा स्टार्च ओला शिजून नंतर चकाकतो. बेकरीतले ओव्हन वाफ सोडून जे करतात ते इथे झाकण करतं. बाहेर काढल्यावर साल तडतडते, तो आवाज पाहुण्यांना ऐकू गेला पाहिजे, म्हणून मी पाव शक्यतो ते येण्याच्या वेळेलाच बाहेर काढतो. कापायची मात्र तासभर घाई करायची नाही, नाहीतर आतला भाग चिकट राहतो.

पाव करायचा असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. एक, तुमच्या कंपनीने एनॅमलचं भांडं रिकामं तापवायला परवानगी दिली आहे का. काही कंपन्या स्पष्ट नको म्हणतात. मग भांडं न तापवता गोळा आत ठेवून थंड ओव्हनपासून सुरुवात करावी, पाव तरीही चांगला होतो. दुसरं, झाकणाची मूठ. प्लॅस्टिकची मूठ प्रत्येक वेळी २३० अंश सोसतेच असं नाही. माझी धातूची आहे, आणि प्लॅस्टिकची असेल तर बदलून धातूची घ्यावी.

आता जे आवडलं नाही ते. वजन. झाकणासकट रिकामं भांडं पाच किलोच्या आसपास, भरलेलं त्याच्या दुपटीकडे. ओव्हनच्या खालच्या कप्प्यातून वाकून काढताना मनगटाची परीक्षा होते. ज्यांना मनगटाचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी दुकानात पाणी भरून उचलून बघावं. सांडशी इथे उपयोगाची नाही, दोन्ही हातांना जाड मोजे हवेत. आणि टेबलावर ठेवल्यावर कान नि झाकण बराच वेळ भाजण्याइतके गरम असतात, तरी दिसायला गारच दिसतात. मी झाकणावर घडी घातलेलं फडकं ठेवतो, म्हणजे कुणी नकळत हात लावत नाही.

काच असल्यामुळे एनॅमलला धक्का सोसत नाही. धातूचा डाव काठावर आपटला तर टवका उडतो. गरम भांड्यात गार पाणी ओतू नये. डाग पडले तर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळावं, बरेच निघतात, सगळे नाही. आतला भाग आता नव्यासारखा पांढरा राहिलेला नाही आणि त्याने पदार्थाला काही फरक पडलेला नाही. भरभर परतायचे पदार्थ, अंडी, पटकन आच कमी-जास्त करावी लागते ते सगळं, यासाठी हलका तवा घ्यावा. हे भांडं आच बंद केल्यावरही बराच वेळ शिजवत राहतं.

नेमका हाच गुण पाहुण्यांच्या दिवशी उपयोगी पडतो. कुणाला उशीर झाला तरी झाकण न उघडता अर्धा-पाऊण तास पदार्थ छान गरम राहतो. मात्र जेवणं झाली की उरलेलं यातच ठेवून देऊ नये. गार व्हायला फार वेळ लागतो आणि कोमटपणातच जिवाणू वाढतात. पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे.

आकाराबद्दल: सहा माणसांसाठी पाच-साडेपाच लिटरचं गोल भांडं पुरतं. पाव आणि कोंबडी दोन्ही त्यात नीट बसतात. घेण्याआधी ओव्हनची आतली उंची मोजा आणि भांड्याची उंची झाकणाच्या मुठीसकट धरा. तीन लिटरचं भांडं हाताळायला पुष्कळ सोपं आहे, दोघा-तिघांसाठी राजमा त्यात उत्तम होईल, पण अख्खी कोंबडी त्यात मावणार नाही.